बरणीतलं शिळं

पंचफुलाबाई,

तुमच्या जलदान विधीच्या दिवशी विहारात बसायला जागा उरली नव्हती. तुमची करुणा मला हाताला धरून पुढे घेऊन गेली आणि म्हणाली, "शिस्टर, तुमी आईसंगं वार्डात होता. दोन शब्द बोला." मी बोलले. तुम्ही कधी खाडा केला नाही, बाळंतिणींना तुमचा आधार वाटायचा, आपल्या रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डाची फरशी तुमच्यासारखी कोणी पुसली नाही. सगळं खरं होतं. लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसले आणि मला स्वतःचाच राग आला, कारण जे सांगायला हवं होतं ते सोडून मी बाकी सगळं सांगितलं होतं.

ते आता लिहिते. तुम्हाला वाचता येत होतं, पण माझ्या अक्षराबद्दल तुमची कायम तक्रार असायची. "डाक्टरचं बी लागते, तुमचं नाई लागत." म्हणून आज जरा सुवाच्य लिहिते आहे.

तुम्हाला प्रसूती वॉर्डातून काढलं ते माझ्या पत्रामुळे. त्या पत्रात जो दोष मी तुमच्या माथी मारला, तो माझा होता. पत्र दिल्यानंतर महिन्याभरातच मला हे कळलं होतं. त्यानंतर आपण कितीतरी वर्षं रोज भेटलो, चहा प्यायलो, आणि मी ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

मी बदली होऊन इथे आले त्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी एक स्टीलची बादली होती, लांब दांड्याचं ओगराळं होतं आणि ओगराळं धरून तुम्ही उभ्या होतात. येणाऱ्याने वाकायचं, हात पुढे करायचे, तुम्ही पाणी घालायचं. पाणी घातल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही. मी नवीन इन्चार्ज, कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. तुम्ही मलाही थांबवलंत. मी म्हटलं, "अहो, मी इन्चार्ज आहे." तुम्ही म्हणालात, "असान. हात पुढं करा."

आतलं बेसिन दाखवून मी तुम्हाला शिकवायला गेले. साठवलेलं पाणी चालत नाही, वाहतं पाणी हवं, नळ आहे ना. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "नळाची चावी घाण हातानं खोलता. हात धुता. मंग धुतल्या हातानं थेच चावी बंद करता. मंग धुतलं काय जी?" मी विषय बदलला आणि म्हटलं, नुसत्या पाण्याने काय होतंय, साबण लागतो. "साबन कुठी आहे?" तुम्ही विचारलंत. साबण माझ्या कपाटात होता. बाहेर ठेवला की दोन दिवसांत नाहीसा होतो, म्हणून सगळ्याच सिस्टर तो कुलपात ठेवतात आणि तपासणीच्या दिवशी कोऱ्या वडीचा कागद फाडून ती बेसिनवर मांडतात. तुम्ही म्हणालात, "तुमच्या साबनाले बाळंतपनाची सुट्टी हाये काय? खोलीच्या बाहीरच येत नाई." त्या दिवशी मी हसले नव्हते. आता आठवलं की हसू येतं. शेवटी तुम्हीच जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याची पिशवी शिवलीत, साबण त्यात घालून खिडकीच्या गजाला गाठ मारून टांगलात, आणि तो झिजून संपला तरी कोणी नेला नाही.

तुमचं म्हणणं साधं होतं. "घरी पाहुना आला का पाय धुवाले पानी देता ना? आन इथी तं दोन दिवसाचं लेकरू हाये." मी भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचा तक्ता लावला होता, प्लास्टिक चढवून. मोठे डॉक्टर त्याच्यासमोरून दिवसातून दहा वेळा सरळ आत जायचे. पण तुम्ही ओगराळं पुढे करून "साहेब, हात" म्हणालात की मुकाट्याने बाह्या सरकवायचे. मोठ्या माणसाने पाणी घातलं तर हात मागे घेणं आपल्याकडे कोणाला जमत नाही.

एकीला जमलं होतं. ब्रह्मपुरीकडच्या एका मोठ्या शेतकरी घरच्या आजीबाई नातू बघायला आल्या होत्या. तुमचं आडनाव त्यांनी कोणाकडून तरी विचारून घेतलं आणि पाणी पडण्याआधीच हात पदरात लपवला. माझं माहेर वरोऱ्याकडचं, आमच्याही घरात हे असं हात मागे घेणं मी लहानपणी पाहिलेलं आहे. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "धुवाचे नसन तं नातू खिडकीतून पाहा, बाई. मस्त दिसते तिकडून." आजी दहा मिनिटं खिडकीशी उभ्या राहिल्या. मग परत आल्या आणि दोन्ही हात तुमच्यापुढे केले. तुम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळ पाणी घातलंत.

आता शिळ्या पाण्याचं. रोज सकाळी पहिलं काम म्हणून तुम्ही वॉर्डातलं रात्रीचं सगळं पाणी ओतून टाकायच्या. तुमची बादली, खाटांजवळचे तांबे, नातेवाइकांच्या बाटल्या, सगळं घासून बाहेरच्या कठड्यावर उन्हात पालथं. तुमच्या चामोर्शीकडच्या माहेरी पाण्याचा गुंड रोज सकाळी रिकामा केल्याशिवाय भरत नाहीत, तेच तुम्ही इथे लावलं होतं. पिण्याच्या पाण्याचा हातपंप लांब असल्याने नातेवाईक कुरकुरायचे. त्यांना तुमचं एकच उत्तर, "रात्रीचं पानी शिळं."

आणि मग एक दिवस मी ड्यूटीवर आले तर त्या कठड्यावर माझी चिमट्याची बरणी पालथी.

हे पत्र दुसरं कोणी वाचलं तर कळावं, म्हणून ती बरणी म्हणजे काय ते सांगते. ड्रेसिंगच्या टेबलावर जंतुनाशक औषधाची एक उभी बरणी असते, त्यात लांब चिमटा बुडवून ठेवलेला असतो. त्या चिमट्याने निर्जंतुक कापूस, पट्ट्या उचलायच्या, हात लावायचा नाही. औषध कमी झालं की मी वरून नवं ओतायची. माझ्या आधीची सिस्टरही ओतायची. पुरवठा वेळेवर येत नसे, म्हणून टाकून देणं जिवावर यायचं. नियम रोज बदलायचा आहे हे मला माहीत होतं. पण औषधच आहे, त्याला काय होतंय, असं म्हणून मी वर्षभर वर ओतत राहिले.

"कोणी फेकलं?" मी ओरडले. वॉर्डात सगळ्या बाळंतिणी, त्यांच्या सासवा, आया बसलेल्या.

"मी."

"ते पाणी नाहीये पंचफुलाबाई, औषध आहे. त्यानेच जंतू मरतात. ते कशाला शिळं होईल?"

"होत नसन. पन मी हे बरणी कधी रिकामी पाह्यली नाई. खाली गाळ बसला होता. तुमी वरून ओतता, खालचं तसंच राह्यते."

खरं तर तिथेच संपायला हवं होतं. पण इतक्या लोकांसमोर तुम्ही मला माझंच काम सांगत होतात. मी म्हटलं, "तुमचं काम फरशीचं आहे. बरणीचं नाही." तुम्ही हातातलं फडकं पिळलंत आणि बादली उचलून गेलात. त्या दिवसापासून बरणीला तुम्ही हात लावला नाहीत. मी पुन्हा वर ओतायला लागले.

धान रोवणीच्या दिवसांत सिझर झालेल्या लागोपाठ तीन बायकांचे टाके पिकले. तिसरी सुगंधा. जंगलपट्टीतली, पहिलटकरीण, एवढीशी पोर. तिची जखम पूर्ण उघडली. महिनाभर ती आपल्याकडे होती आणि तिची आई रोवणी टाकून खाटेखाली बसून राहायची. लेकीला दूध पाजता येईना म्हणून बाळाला तुम्ही मांडीवर घेऊन बसायच्या, आधी स्वतःचे हात तीन-तीनदा धुऊन.

मोठ्या डॉक्टरांनी मला लेखी खुलासा मागितला. मी घाबरले. वॉर्डात पुस्तकाबाहेरचं काय आहे ते शोधलं आणि मला तुमची बादली दिसली. मी लिहिलं: सूचना देऊनही सफाई कर्मचारी साठवलेलं पाणी वापरतात, औषधाच्या बरणीला विनापरवानगी हात लावतात. बरणी तुम्ही फेकलीत हेही मी तुमच्या विरोधात वापरलं. आठवड्याच्या आत तुम्हाला मागच्या शेडमध्ये चादरी धुवायला पाठवलं आणि बादली, ओगराळं अडगळीच्या खोलीत गेलं.

जाताना तुम्ही मला एकच विचारलंत. "शिस्टरबाई, माह्या पान्यानं झालं काय?"

मी म्हणाले, "चौकशी चालू आहे."

वॉर्डातल्या सगळ्या वस्तूंचे नमुने तपासायला गेले होते. अहवाल आला तोवर मोठ्या डॉक्टरांची बदली झाली होती. पाकीट माझ्याच हातात पडलं. बादलीच्या पाण्यात विशेष काही नव्हतं. बरणीतल्या औषधात जंतू वाढले होते आणि जखमांमध्ये सापडले ते हेच. म्हणजे ज्या चिमट्याने मी स्वच्छ पट्टी उचलत होते, तोच सुगंधाच्या जखमेत जंतू नेत होता. मी तो कागद दोनदा वाचला. मग उठले, बरणी रिकामी केली. खाली गाळ होता. तुम्ही म्हणाला होतात तसाच.

त्या दिवसापासून वॉर्डात नियम झाला. रोज सकाळी बरणी ओतायची, घासायची, निर्जंतुक करायची, नवं औषध भरायचं, वर तारीख लिहायची. टाके पिकणं थांबलं. सुगंधा बाळाला घेऊन जीपने घरी गेली. जाताना तिच्या आईने मागच्या शेडमध्ये येऊन तुम्हाला वाळवलेली मोहाची फुलं दिली होती, मला दिली नाहीत. मला तेव्हा राग आला होता, हेही सांगून टाकते.

अहवाल मी फाइलला लावला. लपवला नाही. पण कोणी विचारलं नाही आणि मी दाखवला नाही. सुरुवातीला भीती वाटली, माझ्यावर कारवाई होईल म्हणून. नंतर लाज वाटली. त्यानंतर असं व्हायला लागलं की इतके दिवस सांगितलं नाही तर आता कोणत्या तोंडाने सांगू, आणि रोज एक दिवस वाढत गेला. त्याऐवजी मी तुमच्याशी चांगली वागायला लागले. जाड हातमोजे मागवून दिले, शेडला पंखा लावून घेतला, संक्रांतीला तिळगूळ घेऊन आधी तुमच्याकडे आले. ते सोपं होतं. तुम्ही मात्र माझ्याशी कधीच वाईट वागला नव्हतात, त्यामुळे मला काही फेडल्यासारखं वाटेना.

कोरोनानंतर आपल्याकडे कोपराने उघडायचा नळ बसला. मी मुद्दाम तुम्हाला बोलावून दाखवला. चावीला हात लावायला नको, बघा, तुमची तक्रार मिटली. तुम्ही दोनदा कोपर लावून पाहिलंत. लहान मुलासारख्या खूश झालात. मग म्हणालात, "चांगला हाये. पन नळ कोनाले टोकत नाई." यावर आपला वाद बरेच दिवस चालला. मी म्हणायची, माणसाला सवय लागते. तुम्ही म्हणायच्या, सवय लागेपर्यंत कोनी तरी उभं राह्यले पायजे. तो वाद तसाच राहिला. गेल्या आठवड्यात मी दाराशी थोडा वेळ नुसती उभी राहून बघितलं. नळ चकचकीत होता. माणसं त्याच्या बाजूने सरळ आत जात होती.

आणि एक गोष्ट राहिली. वॉर्डात बरणी रिकामी करायच्या कामाला मी "शिळं काढणं" म्हणायची. मुलींच्याही तोंडी तोच शब्द बसला. "आज शिळं कोणी काढलं?" असं विचारतात. एकदा आमच्या नव्या सिस्टरने, पल्लवीने विचारलं, "मॅडम, हा शब्द कुठला?" मी फाइलमधून डोकं वर न काढता म्हटलं, "प्रशिक्षणात शिकले."

वर पाहिलं तर दारात तुम्ही, डोक्यावर चादरींचा गठ्ठा. तुम्ही तो खाली ठेवलात आणि म्हणालात, "चादरी मोजून घ्या, शिस्टरबाई." मी मोजल्या. दोनदा चुकल्या. तुम्ही उभ्या राहून तिसऱ्यांदा मोजून घेतल्या आणि गेलात. पंचफुलाबाई, त्या दिवशी तुम्ही मला चार शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

तुम्हाला लकवा झाला तेव्हा मी चंद्रपूरच्या दवाखान्यात आले. बसमध्ये ठरवून आले होते, आज सांगायचं. तुमचं बोलणं गेलं होतं. मला बघून तुम्ही चांगला हात उचललात आणि बोटं एकमेकांवर चोळलीत. करुणाला कळेना. मला कळलं. मी बाहेर जाऊन हात धुऊन आले, ओले हात तुम्हाला दाखवले, मग तुम्ही बसायची खूण केलीत. मी बसले. आणि धान कसं आहे ते सांगितलं, पल्लवीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, लवकर बरं वाटेल असं सांगितलं. भेटीची वेळ संपली. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

जलदानाच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. करुणाने अंगणातच तांब्या पुढे केला, माझ्या हातावर पाणी घातलं. मी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पत्र, अहवाल, चादरी. ती शाळेत शिकवते, ऐकताना चेहरा हलू देत नाही.

"आईले माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तुमी रोज बरणी धुवाले लागल्या ना. थे म्हने, शिस्टरच्या डोस्क्यात शिरलं, लेकरायचं भलं झालं, मंग झालं."

मला रडू आलं. मला वाटलं, सुटले. करुणाने मला रडू दिलं आणि मग म्हणाली, "तिले चालत होतं. मले नाई चालत, शिस्टर. तिले वार्डातून काहाडलं तवा मोहल्ल्यात लोक म्हनत, हिच्या घाणीनं बायकायचे टाके सडले. मी तवा दहावीत होती. मले शाळेत पोरी बोलत. आता तुमी मले घरात बसून सांगून राह्यले. काऊन? जिथी तिचं नाव खराब झालं, तिथी सांगा."

तिच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

परवा आपली मासिक सभा झाली. डॉक्टर, सिस्टर, औषधवाले, आणि मागच्या बाकावर सफाईच्या बाया. मी उभी राहिले, आधी माझं जुनं पत्र वाचलं, मग अहवाल वाचला. मग म्हटलं की बरणी शिळी होते हे मला कोणत्या प्रशिक्षणात नाही, पंचफुलाबाईंनी शिकवलं, आणि शिकवलं म्हणून मी त्यांना वॉर्डाबाहेर काढलं. पल्लवी माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं नाही. नवे मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, त्या गेल्या आता. एवढं जुनं कशाला काढता?" मी म्हटलं, "पत्र अजून फाइलमध्ये आहे, साहेब." त्यावर, चूक माझी होती असं लिहिलेलं माझं दुसरं पत्र लावून घेतलं. त्याची एक प्रत करुणाला नेऊन दिली. तिने वाचली, घडी घातली, तुमच्या फोटोमागे ठेवली. मी थांबले नाही.

सभेत सगळे उठायला लागले तेव्हा मागून शालू, तुमच्या जागी आता असते ती, म्हणाली, "मॅडम, मंग आमी बी बरणी फेकली तं चालन काय? का विचारून फेकाची?"

"विचारायचं नाही," मी म्हटलं. "शिळी वाटली की फेकायची."

माझं चुकलं, पंचफुलाबाई. तुमचं काम फरशीचं नव्हतं नुसतं. तुम्ही त्या वॉर्डातल्या बाळंतिणी आणि लेकरं सांभाळत होतात आणि मी माझी बरणी सांभाळत होते. हे वाक्य चंद्रपूरला तुमच्या खाटेशी बोलायचं होतं. तुमची बादली मी अडगळीतून काढून घासली आहे. दाराशी ठेवायची की नाही यावर साहेब वाहत्या पाण्याचा नियम सांगतात. नियम बरोबर आहे, मीच कधी काळी तो तुम्हाला सांगितला होता. म्हणून सध्या बादली न ठेवता नळाशी एक स्टूल ठेवलं आहे आणि पाळीपाळीने कोणीतरी तिथे बसतं, टोकायला. काल मी बसले होते. मोठ्या डॉक्टरांना मी म्हटलं, "साहेब, हात." त्यांनी बाह्या सरकवल्या.

आज सकाळी वॉर्डात आले तर कठड्यावर उन्हात बरणी पालथी. आज पाळी पल्लवीची होती आणि ती अजून आली नव्हती. जुन्या सवयीने तोंडातून "कोणी" एवढं निघालं. बरणी उचलून निर्जंतुक करायला पाठवली, दुसरी घेतली, नवं औषध भरलं, वर आजची तारीख लिहिली. तुम्ही फेकलीत त्या दिवशी मी एवढंच करायला हवं होतं.